पंचविशीतच जुने ठरवलेले पाय

१७ जुलै २०२३ रोजी दुपारी चार वाजता अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगने दीर्घ मुदतीचे करार करण्यासाठी घालून दिलेली एक मुदत संपली. न्यूयॉर्क जायंट्सचा सेक्वॉन बार्कली, लास व्हेगास रेडर्सचा जॉश जेकब्ज आणि डॅलस काउबॉइजचा टोनी पोलार्ड या तिघांनाही त्यांच्या संघांनी दीर्घ मुदतीचा करार दिला नव्हता. तिघेही रनिंग बॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावणारे खेळाडू. जेकब्ज आदल्या हंगामात १,६५३ यार्ड धावून साऱ्या लीगमध्ये पहिला आला होता आणि बार्कलीने १,३१२ यार्ड काढले होते. तरीही तिघांसमोर ठेवले गेले ते एकाच हंगामाचे सुमारे १ कोटी १ लाख डॉलर, पुढच्या वर्षाची कसलीही हमी नसलेले. त्याच आठवड्याच्या शेवटी ऑस्टिन एकलर या खेळाडूच्या पुढाकाराने लीगमधले नावाजलेले रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र आले. आपल्या कामाचे मोल का घसरत चालले आहे, एवढाच विषय होता. बोलणे झाले, उपाय निघाला नाही.

तेव्हापासून या प्रश्नावर एक उत्तर ठरलेले आहे: बाजारभाव जो आहे तो आहे, रनिंग बॅकला मागणी कमी म्हणून किंमत कमी. हे उत्तर मला मुळातच चुकीचे वाटते. रनिंग बॅकची किंमत खुल्या बाजाराने ठरवलेलीच नाही. त्याच्या पायांत सर्वाधिक जोर असतो ती वर्षे त्याला बाजारापासून दूर ठेवण्यात जातात, आणि तो बाजारात पोचतो तेव्हा त्याच्याकडे झिजलेला माल म्हणून पाहिले जाते. म्हणून मागणी करायचीच असेल तर ती जास्त पैशांची करण्यापेक्षा वेळेवर पैशांची करावी, असे माझे मत आहे. ज्या वर्षी धाव घेतली, त्याच वर्षी मोबदला.

या खेळाशी ओळख नसलेल्या वाचकासाठी रनिंग बॅकचे काम थोडे जवळून पाहायला हवे. दोन्ही संघ समोरासमोर उभे असतात. आक्रमणाची सूत्रे हाती असलेला क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि मागून धावत आलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो दाबून देतो. तिथून पुढे दोन-अडीच सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलो वजनाच्या माणसांच्या भिंतीत एखादी फट शोधून त्याला शिरायचे असते. फट कधी मिळते, बहुतेकदा मिळता मिळता बुजते. प्रत्येक धावेचा शेवट साधारण एकाच प्रकारे होतो: कुणीतरी कमरेला मिठी मारतो, दुसरा खांद्याने छातीवर आदळतो, तिसरा वरून पडतो. उठायचे, घोळक्यात परत जायचे आणि चाळीस सेकंदांच्या आत पुन्हा तेच करायचे. चार यार्ड मिळाले तर धाव चांगली म्हणायची. क्वार्टरबॅकला जपण्यासाठी लीगने गेल्या काही वर्षांत नियमांवर नियम केले. चेंडू छातीशी धरून गर्दीत शिरणाऱ्या माणसाला तसे जपता येत नाही, कारण त्याला अडवणे हाच तर खेळ आहे. सर्व जागांवरच्या खेळाडूंची सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास असते, हा आकडा खेळाडूंच्या संघटनेकडून नेहमी सांगितला जातो; रनिंग बॅकच्या बाबतीत तो अडीच वर्षांपर्यंत खाली येतो. लीगच्या निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला तीन हंगामांची नोंद लागते, हे इथेच सांगून ठेवतो.

आता या माणसाच्या वयाचा हिशेब मांडू. शाळा संपल्यावर तीन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कुणालाही लीगमध्ये प्रवेश नाही. ही वर्षे तो विद्यापीठाच्या संघात काढतो. तिथेही अंगावर येणारी माणसे तशीच धिप्पाड असतात आणि धावाही शेकड्यांनी मोजाव्या लागतात. २०२१ पर्यंत या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभाच नव्हती. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने पहिल्याच वर्षी १,२३७ यार्ड धावून संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि या तीन वर्षांच्या अटीला न्यायालयात आव्हान दिले. २००४ मध्ये जिल्हा न्यायालयात तो जिंकला, अपील न्यायालयात हरला. अपिलाचा निकाल लिहिला होता सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकालाचे सार असे की लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक सौदेबाजीतून पात्रतेच्या अटी ठरत असतील, तर मक्तेदारीविरोधी कायदा तिथे हात घालणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. पण जे लोक उठता-बसता ‘बाजार’ म्हणतात त्यांनी तो पुन्हा वाचावा, कारण हा खुला बाजार नाही, हे त्यात पुरते स्पष्ट झालेले आहे. क्लॅरेटच्या आयुष्याची पुढे बरीच पडझड झाली आणि नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

तीन वर्षांनी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात. कोणत्या संघात जायचे हे खेळाडूच्या हातात नसते आणि २०११ च्या सामूहिक करारापासून पहिला पगार किती हेही जवळजवळ तक्त्यावरूनच ठरते. हा नवोदिताचा करार चार वर्षांचा. तीन हंगाम संपेपर्यंत त्यात वाढ मागायची नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा हक्क संघाकडे असतो. त्यानंतरही संघ फ्रँचायझी टॅग, म्हणजे ठरावीक रकमेचा एका हंगामाचा करार, लावून त्याला आणखी एक वर्ष रोखू शकतो आणि हा टॅग पुन्हाही लावता येतो. सुरुवातीला सांगितलेल्या तिघांना लावला होता तो हाच. एकविसाव्या वर्षी आलेला गुणी खेळाडू सत्ताविसाव्या वर्षी मोकळा होतो. बार्कलीचे अगदी असेच झाले. जायंट्सकडे सहा हंगाम, १,२०१ वेळा चेंडू घेऊन धाव, मध्ये २०२० साली शिकागोच्या मैदानावर गुडघ्याचा अस्थिबंध तुटून जवळजवळ अख्खा हंगाम वाया, आणि मार्च २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा कुठे काम करायचे हे स्वतः ठरवण्याची संधी.

टॅगची रक्कम कशी ठरते ते पाहिले की दुष्टचक्र नीट लक्षात येते. त्या जागेवर खेळणाऱ्या सर्वांत महागड्या पाच खेळाडूंच्या पगारांवर ती बेतलेली असते. म्हणजे सर्वांत चांगल्या रनिंग बॅकना टॅग लावून स्वस्तात रोखले की वरचे पगार वाढत नाहीत, आणि वरचे पगार वाढले नाहीत की पुढच्या वर्षीचा टॅगही स्वस्त राहतो. २०१७ मध्ये प्रत्येक संघाची एकूण पगारमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, १६ कोटी ७० लाख डॉलर होती आणि रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाखांचा होता. २०२३ मध्ये कॅप २२ कोटी ४८ लाखांवर गेली. टॅग मात्र १ कोटी १ लाखावर उतरला. त्याच सहा वर्षांत चेंडू झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरचा टॅग १ कोटी ५७ लाखांवरून १ कोटी ९७ लाखांवर गेला. लीगमध्ये पैसा वाढत होता, पण तो या दारात येत नव्हता.

या रचनेशी एकट्याने झगडून पाहिले ते पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लेव्हिऑन बेलने. २०१७ चा हंगाम तो टॅगवर खेळला. त्या एका हंगामात ३२१ वेळा चेंडू घेऊन धावला आणि वर ८५ झेल घेतले, म्हणजे चारशेहून अधिक वेळा अंग पुढे केले. पुढच्या वर्षी संघाने पुन्हा टॅग लावला, सुमारे १ कोटी ४५ लाखांचा. बेलने सही केली नाही आणि अख्खा २०१८ चा हंगाम घरी बसून काढला. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने इतके चांगले काम केले की त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने बेलला चार वर्षांचा सव्वापाच कोटी डॉलरचा करार दिला खरा, पण आदल्या वर्षी सोडलेली रक्कम भरून निघाली नाही आणि त्याच्या पायांतला तो सुप्रसिद्ध थांबा, फट दिसेपर्यंत क्षणभर वाट पाहण्याची ती कला, पुन्हा पूर्वीसारखी दिसली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जेट्सने त्याला मोकळे केले. १९९३ साली डॅलसचा एमिट स्मिथ करारासाठी दोन सामने बाहेर बसला होता, ते दोन्ही सामने संघ हरला आणि मालकाने मुकाट्याने करार केला. पंचवीस वर्षांत फरक पडला तो एवढा.

विरोधी बाजू पोकळ नाही. तिचा पहिला मुद्दा कॉनरचाच आहे: एक गेला की दुसरा मिळतो. कॅन्सस सिटी चीफ्सने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर आयझाया पाचेको याला उचलले आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो मुख्य रनिंग बॅक म्हणून ७६ यार्ड धावला, पगार जवळजवळ किमान. हे पाहिलेला व्यवस्थापक दुसऱ्याला कोट्यवधी कशाला देईल? दुसरा मुद्दा मोठ्या करारांच्या अनुभवाचा. लॉस एंजेलिस रॅम्सने टॉड गर्लीला जुलै २०१८ मध्ये मोठा करार दिला, साडेचार कोटी डॉलरची हमी धरून. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये तो अवघ्या दहा वेळा धावला आणि मार्च २०२० मध्ये संघाने त्याला सोडले; गुडघ्याने साथ सोडली होती. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. डॅलसने इझिकेल एलियटला २०१९ मध्ये सहा वर्षांसाठी नऊ कोटींचा वाढीव करार दिला आणि २०२३ मध्ये त्यालाही निरोप दिला. संघांची भीती काल्पनिक नाही, हे मान्यच करावे लागते.

पण याच उदाहरणांचा अर्थ मला वेगळा दिसतो. गर्ली २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला तेव्हा तो नवोदिताच्या करारावर होता. त्याच्या कामाचे खरे मोल संघाला ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी त्याने त्याचा अंशच दिला, आणि मोठी रक्कम द्यायची ठरली ती गुडघे झिजल्यानंतर. मागच्या कामाची उधारी भविष्यकाळाच्या करारात फेडायची, असा हा व्यवहार आहे. साहजिकच संघाला तो तोट्याचा वाटतो, कारण पुढच्या वर्षांत तेवढे काम होणार नसते. मग एक-दोन संघांचे हात पोळले की बाकीचे शहाणे होतात आणि पुढच्या पिढीची उधारी बुडते. गर्ली किंवा एलियट यांना दिलेले पैसे जास्त होते, असे म्हणण्यापेक्षा ते उशिरा दिले गेले, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते. आणि पाचेकोचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. सातव्या फेरीतला पोरगा सुपर बोल जिंकून देण्यात हातभार लावत असेल, तर त्याच्या त्या वर्षीच्या कामाचे दाम त्याला त्याच वर्षी का मिळू नयेत?

बार्कलीची पुढची कथा बरेच जण या वादाचा निकाल म्हणून सांगतात. मी न्यू जर्सीत राहतो. जायंट्सचे मैदान याच राज्यात आहे आणि फिलाडेल्फिया दीड तासावर. आमच्या मराठी शाळेत रविवारी येणाऱ्या एका मुलाच्या अंगात वर्षानुवर्षे जायंट्सची निळी २६ क्रमांकाची जर्सी असे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर क्रमांक तोच राहिला, रंग हिरवा झाला. फिलाडेल्फिया ईगल्सने बार्कलीला तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलर दिले आणि त्याने पहिल्याच हंगामात १६ सामन्यांत २,००५ यार्ड काढले. १९ जानेवारी २०२५ ची ती संध्याकाळ विसरता येत नाही. फिलाडेल्फियात बर्फ भुरभुरत होता, मैदानावरच्या पांढऱ्या रेषा झाडूने मोकळ्या कराव्या लागत होत्या, रॅम्सविरुद्धचा सामना संपायला पाच मिनिटांहून कमी वेळ होता. सगळे खेळाडू पाय जपून टाकत असताना बार्कली डावीकडून उजवीकडे एक पाऊल वळला आणि ७८ यार्ड कुणाच्या हाताला न लागता निघून गेला. मागे राहिलेले बचावपटू बर्फात घसरत थांबले. तीन आठवड्यांनी, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सने सुपर बोल जिंकला.

म्हणून बाजार न्याय्य आहे, असे सिद्ध होते का? बार्कली ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्याचा नवोदिताचा करारच तीन कोटींच्या पुढचा होता. दुखापतीतून सावरायला, चांगल्या संघाची वाट पाहायला त्याच्यापाशी बळ होते. दर वर्षी तिसऱ्या-चौथ्या फेरीत निवडले जाणारे रनिंग बॅक त्या बळावर उभे नसतात. शिवाय त्या हंगामात नियमित आणि बाद फेरीचे सामने धरून तो ४३६ वेळा चेंडू घेऊन धावला, आणि हा भार शरीर पुढे कसे फेडते हे या खेळाच्या इतिहासात अनेकदा दिसले आहे. बार्कलीच्या प्रकरणातली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मार्च २०२५ मध्ये, जुन्या कराराची दोन वर्षे बाकी असताना, ईगल्सने त्याला आणखी दोन वर्षांसाठी ४ कोटी १२ लाखांचा वाढीव करार दिला आणि वर्षाला दोन कोटींच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक ठरला. काम झाल्यावर लगेच मोबदला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. फक्त ते एका मालकाच्या मर्जीवर घडले.

शरीराचा भार म्हटला की मला अर्ल कॅम्पबेल आठवतो. टेक्सासमधल्या टायलर गावचा हा मुलगा १९७८ मध्ये ह्यूस्टन ऑयलर्सकडे पहिल्या क्रमांकावर आला. बगल देण्याऐवजी समोरच्याच्या छातीवर चालून जाणे ही त्याची पद्धत. १९८० च्या हंगामात तो ३७३ वेळा धावला आणि १,९३४ यार्ड काढले. सहाच वर्षांनी कारकीर्द आटोपली. उतारवयाच्या कितीतरी आधी पाठीच्या कण्याने आणि गुडघ्यांनी त्याला काठीवर आणि चाकाच्या खुर्चीवर आणले. १९९१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याच्या ३७३ धावांचा हिशेब ज्याने-त्याने तेव्हाच मांडला असता तर त्या वर्षाचे काम हे एका वर्षाचे काम नव्हते, पुढच्या चाळीस वर्षांतून उसने घेतलेले होते, हे दिसले असते.

उपाय काय? नवोदिताचा करार रनिंग बॅकपुरता तीन वर्षांचा करावा, पाचव्या वर्षाचा हक्क काढून टाकावा, दुसऱ्यांदा टॅग लावायला बंदी असावी, या सूचना पुष्कळदा होतात आणि त्या योग्य आहेत. पण मालक त्या सहजासहजी मान्य करणार नाहीत आणि संघटनेतही त्यासाठी बहुमत जमणे अवघड आहे. खेळाडूंचा वाटा लीगच्या उत्पन्नाच्या किमान ४८ टक्के असा ठरलेला आहे. त्यात एकाच्या ताटात वाढले की दुसऱ्याच्या ताटातले कमी होते. रनिंग बॅकांना वेगळा सौदेबाजी गट मानावे, अशी याचिका २०१९ मध्ये राष्ट्रीय श्रम संबंध मंडळाकडे गेली होती, तीही मान्य झाली नाही. म्हणजे जे करायचे ते बाकीच्या खेळाडूंना पटवूनच करावे लागेल.

माझा भर त्यामुळे एका लहानशा आणि आधीच अस्तित्वात असलेल्या तरतुदीवर आहे. २००२ पासून लीगमध्ये कामगिरीवर आधारित वेतनाचा एक निधी आहे. ज्याचा पगार कमी आणि मैदानावरचा वेळ जास्त, त्याला हंगामानंतर त्यातून रक्कम मिळते. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की ती वेळ मोजते, आघात मोजत नाही. म्हणून दर वर्षी तिचा मोठा लाभ आक्रमक फळीतल्या, म्हणजे रनिंग बॅकसाठी वाट उघडणाऱ्या, आणि बचावातल्या खेळाडूंना होतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक खेळीत मैदानावर असतात; रनिंग बॅक मात्र दोघा-तिघांत वाटून खेळतात. या सूत्रात चेंडू घेऊन केलेल्या धावांना आणि झेलांना वेगळे वजन द्यावे. तीनशे वेळा जमिनीवर आपटलेल्या किमान पगाराच्या मुलाला त्या वर्षीच ठसठशीत रक्कम मिळू द्यावी. त्यासाठी मोठे करार मोडावे लागत नाहीत, मालकांना भविष्याचा जुगार खेळावा लागत नाही, आणि निधी सर्वांचाच असल्यामुळे आक्रमक फळीतल्या खेळाडूंनाही पूर्ण डावलले जात नाही. त्यांचे थोडे कमी होईल, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी फट उघडली त्यांनी त्या फटीतून शिरणाऱ्यासाठी तेवढे सोसावे, असे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलूनच सांगावे लागेल.

‘हे सगळे लक्षाधीशच आहेत, त्यांची काळजी कशाला,’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की २०२३ मध्ये नवोदिताचा किमान पगार साडेसात लाख डॉलर होता. त्यातून कर आणि प्रतिनिधीची दलाली जाते, आणि अडीच वर्षांनी पगार थांबतो. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी दुखरे गुडघे घेऊन दुसरा व्यवसाय शिकायला बसणारा माणूस श्रीमंत नसतो. शिवाय ज्या लीगने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी अकरा वर्षांचे शंभर अब्ज डॉलरहून मोठे करार केले, तिच्याकडे पैसा नाही, असे कुणीच म्हणत नाही.

सध्याचा सामूहिक करार मार्च २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाला आणि तो २०३० च्या हंगामापर्यंत लागू आहे. २०२६ च्या ड्राफ्टमधून आलेल्या रनिंग बॅकचा चार वर्षांचा करार २०२९ च्या हंगामाअखेर संपेल. नवे नियम होतील तेव्हा तो पंचवीस-सव्विशीचा असेल आणि हजारएक धावा त्याच्या पायांत जमा झालेल्या असतील. निधीचे सूत्र मात्र दोन्ही बाजू राजी झाल्या तर करार संपण्याची वाट न पाहताही बदलता येते, आणि या मुलाला त्याचा उपयोग व्हायचा तर ते पुढच्या दोन-तीन हंगामांतच बदलावे लागेल.